सोमवारची बॅटरी

तिसऱ्या सोमवारी बक्षी साहेब स्वतः गॅरेजमध्ये आले. एरवी ते चिठ्ठी पाठवायचे. स्वतः आले की समजायचं, आज कुणाची तरी खैर नाही.

“बड़े साहब आज फिर ट्रक में बैठके मीटिंग में गये,” ते म्हणाले. “सिमेंट के ट्रक में! तीसरी बार!”

मी हातातला स्टार्टर खाली ठेवला. साहेबांच्या मागे ड्रायव्हर डोमाजी उभा होता. मान खाली, टोपी हातात. त्याच्या पलीकडे फाटकातून आठ मजूर कंपनीच्या मोठ्या साहेबांची काळी मोटार ढकलत आणत होते.

तेव्हा भिलाईत रशियनांच्या मदतीने पोलादाचा प्लांट उभा राहत होता. मी एका ठेकेदार कंपनीच्या मोटार गॅरेजमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियन होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, ती आता राहिलीही नाही. वडील गोंदियाला रेल्वेत होते. मीही रेल्वेतच चिकटावं अशी त्यांची इच्छा होती, पण मला मोटारीच्या वायरिंगचा नाद. सव्वीस वर्षांचा होतो आणि माझ्यापेक्षा शहाणा मिस्त्री दुर्गपासून रायपूरपर्यंत नाही अशी माझी खात्री होती. बक्षी साहेब आमचे ट्रान्सपोर्टचे इन्चार्ज. कंपनीच्या सगळ्या गाड्या आणि ड्रायव्हर त्यांच्या ताब्यात.

डोमाजी कापगते हा साकोलीकडचा. घरची धानाची शेती भावांवर टाकून इकडे आलेला. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, कमी बोलणारा. आधी ट्रक चालवायचा, हात चांगला म्हणून महिन्याभरापूर्वी त्याला मोठ्या साहेबांची गाडी दिली. गाडी लढाईच्या आधीची. कुणा संस्थानिकाकडून फिरत फिरत आमच्या कंपनीकडे आलेली. मोठ्या साहेबांआधी दोन वर्षं ती एका रशियन एक्स्पर्टच्या दिमतीला होती. तो मायदेशी परत गेला आणि गाडी आमच्या मोठ्या साहेबांकडे आली. रशियन साहेब ती स्वतः चालवायचा आणि तिची दुरुस्ती त्याचाच मेकॅनिक करायचा. आमच्या गॅरेजचा तिला हात लागलेला नव्हता. म्हणजे ती गाडी बिघडायला लागली ती डोमाजीच्या हातात आल्यावर. हे सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि सगळे तेच बोलत होते.

दुखणं असं होतं. मंगळवार ते शनिवार गाडी अर्ध्या हाकेत सुरू व्हायची. शनिवारी संध्याकाळी डोमाजी ती शेडमध्ये लावायचा, किल्ली ऑफिसात द्यायचा. रविवार सुट्टी. सोमवारी सकाळी बॅटरी मेलेली. इतकी मेलेली की हॉर्नही वाजेना. हँडल मारूनही उपयोग नाही, कारण इंजिनात पेट्रोल पेटवणारी ठिणगीसुद्धा शेवटी बॅटरीवरच पडते.

गाडी चालू असताना डायनामो बॅटरी भरत असतो. गाडी उभी असताना बॅटरीतून काहीच जायला नको. गेलं तर कुठेतरी गळती आहे असं समजायचं. आम्ही त्याला ड्रेन म्हणतो. पाझरणाऱ्या माठासारखं आहे. रोज भरत राहिलं तर कळत नाही, दोन दिवस गावाला गेलं की आल्यावर माठ कोरडा.

पहिल्या सोमवारी मी बॅटरी चार्जिंगला लावली आणि विसरून गेलो. दुसऱ्या सोमवारी स्टोअरमधून कोरी बॅटरी काढून बसवली आणि गाडी तपासलीही. तपासायची रीत सोपी आहे. बॅटरीची एक तार सोडवायची आणि बॅटरी आणि ती तार यांच्यामध्ये एक छोटा बल्ब जोडायचा. गाडीत सगळं बंद असेल तर बल्ब पेटायला नको. पेटला तर कुठेतरी करंट जातो आहे.

त्या दिवशी एप्रिलचं ऊन होतं. नवी बॅटरी बसवल्यावर डोमाजीने इंजिन सुरू करून पाहिलं आणि सवयीने डॅशबोर्डवरचा पंखाही लावला. रशियन साहेबाला आमची गर्मी सोसायची नाही, म्हणून त्याच्या मेकॅनिकने रबराच्या पात्यांचा एक छोटा पंखा तिथे बसवून दिला होता. मी इंजिन बंद केलं, पंखा बंद केला, बल्ब जोडला. बल्ब काळा ठिक्कर. पाच मिनिटं थांबलो, वायर हलवून पाहिल्या, दारं उघडझाप केली. काही नाही. मग जॉब कार्डवर इंग्रजीत दोन शब्द लिहिले, नो फॉल्ट, आणि सही ठोकली. माझी सही त्या काळी फार ऐटबाज होती.

आता तिसऱ्या सोमवारी तेच कार्ड बक्षी साहेबांच्या हातात होतं.

“ये तुमने लिखा है?”

“हो साहेब.”

“बैटरी नयी. गाड़ी में फॉल्ट नहीं. तो फिर?” ते डोमाजीकडे वळले. “इसका साला खुर्सीपार में लाउडस्पीकर चलाता है. मालूम है?”

मला माहीत होतं. डोमाजीचा मेहुणा लग्नात, पूजेत लाऊडस्पीकर लावायचा. खुर्सीपारला तेव्हा बऱ्याच ठिकाणी वीज नव्हती. लाऊडस्पीकर मोटारीच्या बॅटरीवर चालायचा. दिवसभर गाणी वाजली की बॅटरी संध्याकाळपर्यंत गारद. आणि लग्नं बहुतेक रविवारी. हे सगळं इतकं चपखल बसत होतं की मला स्वतःलाही ते पटलं होतं.

“मी नाई नेली जी बॅटरी,” डोमाजी एवढंच म्हणाला.

“अगले सोमवार तक देखता हूँ,” साहेब म्हणाले. “निकालने का लेटर टाइप होके मेरे टेबल पे पड़ा है.”

ते गेल्यावर डोमाजी तिथेच उभा राहिला. मला त्याच्याशी बोलायचं नव्हतं. मी स्टार्टर उचलला आणि पुसायला लागलो. तो पुसलेलाच होता.

“मिस्तरी जी,” तो म्हणाला, “गाडीत खरंच काई नाई?”

“मी पाह्यलं ना, डोमाजी. बल्ब लावून पाह्यलं.”

“मंग बॅटरी कावून मरून राह्यली?”

“ते तुमीच सांगा.”

हे मी बोललो. आज आठवलं तरी जीभ चावावीशी वाटते.

त्याने हातातल्या टोपीची घडी घातली. मग म्हणाला, “माह्या हातून नोकरी गेली तं खोलीबी जाईन. ते एक सोडा. पण चोर म्हणून काढलं तं मले दुसरा कोण गाडी देईन? परत धानात जा लागते. भाऊ म्हणतीन, गेला होता मोठा मोटार चालवाले.”

तो म्हणत होता ते खरं होतं. त्या वेळी भिलाईत वीस-पंचवीस ठेकेदार होते आणि त्यांचे इन्चार्ज एकमेकांना ओळखत. चोरीचा शेरा घेऊन बाहेर पडलेल्या ड्रायव्हरला कुणी बैलगाडीही दिली नसती. शिवाय त्याची खोली. कंपनीच्या वसाहतीत ती त्याला तीन महिन्यांपूर्वीच मिळाली होती आणि बायको, मुलगी गावाहून आल्या होत्या. खोलीत विजेचा एक दिवा होता. त्या दिव्याचं त्याला इतकं अप्रूप की तो सगळ्यांना सांगायचा, आमच्या घरात बटन हाय.

मला त्याची दया आली असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. मला वाटलं, हा सोंग करतो आहे. याला रंगेहाथ पकडावं म्हणजे माझी सहीही खरी ठरेल. म्हणून मी म्हणालो, “येत्या शनिवारी गाडी गॅरेजमध्ये माह्या समोर लावा. बॉनेटले मी सील मारतो. सोमवारी मीच तोडतो. चालते?”

मला वाटलं होतं तो काहीतरी कारण काढेल. तो म्हणाला, “चालते जी. मारा.” आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. मी तरीही विश्वास ठेवला नाही.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता त्याने गाडी आणली. बॅटरी मी सकाळीच तपासली होती, पूर्ण भरलेली. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. डोमाजीचं गाडी लावणं म्हणजे एक विधीच होता. इंजिन बंद. दिव्याचा खटका वर. वायपर वर. पंखा वर. एकेका बटनाला बोटाने वर ढकलून पाहायचं, खरंच वर आहे ना. मग काचा, मग दारं, मग डॅशबोर्डवर फडकं. त्याच्याइतक्या निगुतीने गाडी लावणारा दुसरा ड्रायव्हर आमच्याकडे नव्हता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि मला काहीही दिसलं नाही.

बॉनेटच्या कडीत तार ओवून मी शिशाचं सील दाबलं. मालगाडीच्या डब्यांना लावतात तसलं. सील दाबायची पकड स्टोअरची होती, ती घेऊन कुणीही नवं सील मारू शकलं असतं, म्हणून शिशावर खिळ्याने माझ्या नावाचं अक्षर कोरलं. शेडला कुलूप लावून किल्ली घरी नेली.

रविवारी माझं कशात लक्ष नव्हतं. बायको म्हणाली, आज तुमी भाजीत मीठ नाई ते पण सांगितलं नाई.

सोमवारी सात वाजता मी शेड उघडली. डोमाजी आधीच दाराशी बसला होता. सील जसंच्या तसं. माझं अक्षर जसंच्या तसं. मी तार तोडली, किल्ली लावली, स्टार्टरचं बटन दाबलं.

एक टक असा आवाज आला. बस.

मी पुन्हा दाबलं. या वेळी टकही नाही.

डोमाजीने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. तो नुसता थकल्यासारखा दिसत होता. बॅटरी कुणी नेली नव्हती. गाडीत दोष होता आणि दोष नाही असं मी लिहून दिलं होतं. कुणी विचारलं नसतं तरी लिहिलं असतं, इतका मी स्वतःवर खूश होतो. आणि त्या कागदावर बक्षी साहेबांचं लेटर उभं होतं.

“साहेब दहा वाजता येते,” डोमाजी म्हणाला.

“येऊ द्या.”

भरलेली बॅटरी आणली, एक तार सोडून मध्ये बल्ब जोडला. बल्ब पेटला. लालसर, मंद, पण पेटला. दोन आठवड्यांपूर्वी हाच बल्ब, हीच गाडी, आणि तेव्हा अंधार होता. मला घाम फुटला. गाडीचा दोष हातात येऊन निसटतो तेव्हा मिस्त्रीची अशीच गत होते. असलेला दोष सापडतो. कधी असतो आणि कधी नसतो, तो छळतो.

फ्यूज काढायला लागलो. फ्यूज म्हणजे पातळ तारेचा तुकडा. प्रत्येक वाटेवर एक असतो. एक काढला की ती वाट बंद. बल्ब विझला तर गळती त्याच वाटेवर. या जुन्या गाडीत फ्यूज दोनच होते. दोन्ही काढले. बल्ब पेटलेलाच. म्हणजे गळती अशा कुठल्यातरी वायरीवर होती जी फ्यूजला न विचारता थेट बॅटरीवरून गेली होती. डायनामोची वायर सोडली, हॉर्नची सोडली. बल्ब तसाच.

नऊ वाजून गेले. हात चालत होता, डोकं चालत नव्हतं. मग मला एक सुचलं. दुसऱ्या सोमवारी तपासताना गाडी मी बंद केली होती. शनिवारी डोमाजीने.

“डोमाजी, गाडीत बसा. शनिवारी लावली तशीच लावून दाखवा. सगळं. पंख्यापासून.”

“पंखा सुरू करू?”

“करा. मंग बंद करा. तुमी करता तसंच.”

मी बॉनेटपाशी बल्बकडे पाहत उभा राहिलो. त्याने पंख्याचं बटन खाली ओढलं. बल्ब एकदम उजळला आणि पातं अडखळत हललं. ठीक, पंखा करंट खातो आहे. त्याने बटन वर ढकललं. बल्ब पुन्हा मंद झाला, लालसर.

पण मध्ये काहीतरी झालं होतं. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात बल्ब विझून परत लागला होता.

“पुन्हा करा,” मी म्हणालो. “हळू.”

खाली, उजेड. वर येता येता, अंधार. अगदी वर, मंद.

“थांबा! आता खाली-वर कुठंच नाई. मधात आणा. मधात!”

“मधात?”

“हो. मधात सोडा.”

त्याने बटन मध्ये सोडलं. बल्ब विझला आणि विझलेलाच राहिला.

मी डॅशबोर्डखाली घुसलो. बटनाच्या मागे दोनऐवजी तीन वायरी होत्या. एक बॅटरीकडून थेट आलेली. एक पंख्याला गेलेली. तिसरी इंजिनाच्या बाजूला. तिच्यावरून हात फिरवत गेलो आणि बॉनेटच्या आतल्या कोपऱ्यात एका वाटीएवढ्या पत्र्याच्या टोपीत बोट शिरलं. ग्रीस आणि लाल धूळ यांचा थर इतका जाड की ती टोपी मी आजवर इंजिनाचाच भाग समजत होतो. थर खरवडला. आत काच होती. काचेच्या आत दिवा.

रशियन मेकॅनिकने हुशारी केली होती. त्या काळी साइटवर रस्ते नाहीत, दिवे नाहीत. अंधारात इंजिन तापलं तर रेडिएटरमध्ये पाणी पाहायला उजेड हवा, म्हणून त्याने बॉनेटच्या आत दिवा बसवला. डॅशबोर्डला आणखी एक भोक कशाला पाडायचं, म्हणून एकाच तीन जागांच्या बटनावर दोन्ही घेतलं. खाली पंखा, वर दिवा, मध्ये बंद. त्याच्या साहेबाला हे माहीत होतं. आमच्यापैकी कुणाला सांगायची वेळ आली नाही. सांगितलं असतं तरी कोणत्या भाषेत, हा प्रश्नच होता.

मी पंखा बंद करताना पातं थांबताच बोट काढून घेतो. म्हणून माझ्या हातून बटन मध्ये राहिलं होतं. डोमाजी अर्धवट काम करणारा माणूस नव्हता. तो बटन पार वर नेऊन वर दाबून पाहायचा.

“हे वर कावून ढकलता तुमी?” मी विचारलं.

तो गोंधळला. “वर म्हणजे बंद नाई काय? घरी तं तसंच हाय. मी माह्या पोरीले शिकवलं, बटन खाली म्हणजे दिवा जागा, वर म्हणजे झोपला.”

खरंच होतं. आपल्याकडे घराघरात बटन खाली चालू आणि वर बंद. ज्याच्या घरात आयुष्यात पहिल्यांदा बटन आलं, त्याने तो नियम मनापासून पाठ केला होता. रोज संध्याकाळी तो गाडीतला प्रत्येक दिवा झोपवायचा आणि तसं करताना एक दिवा नेमाने जागा करायचा. बॉनेट बंद, त्यामुळे तो दिवा कुणाला दिसणार? रोजच्या रात्रीपुरता बॅटरीत दम होता, दुसऱ्या दिवशी डायनामो भरून काढायचा. शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ पुरण्याइतका नव्हता. तो जितकी काळजी घेत होता, तितकी बॅटरी नक्की मरत होती.

बक्षी साहेब दहाला आले. मी बटन वर केलं, त्यांना बॉनेटखाली वाकायला लावलं आणि वर गोणपाट धरून अंधार केला. आतून त्यांचा आवाज आला, “अरे!”

बाहेर आल्यावर त्यांनी सील पाहिलं, बटन तीनदा खाली-वर केलं. मग माझ्याकडे वळले.

“नो फॉल्ट किसने लिखा था?”

“मी, साहेब.”

“देखा था?”

“पाहिलं होतं. मला सापडलं नव्हतं.”

“तो वैसा लिखना था,” ते म्हणाले. डोमाजीला ते काहीच बोलले नाहीत. माफी मागण्याची त्यांना सवय नव्हती. जाता जाता मात्र म्हणाले, “ड्राइवर, बड़े साहब को आधे घंटे में निकलना है.” आणि मला, “बटन बदल दो.” ते लेटर पुढे कुणी पाहिलं नाही.

बटन मी बदललं. पंख्याला एक, दिव्याला एक, दोन्ही खाली चालू आणि वर बंद. डोमाजी शेजारी उभा राहून पाहत होता. काम झाल्यावर मी म्हणालो, “डोमाजी, माह्याकून चूक झाली. मी तुमाले चोर समजलो.”

“साहेबबी समजले,” तो म्हणाला. “त्याचं काई नाई वाटलं. साहेब लोकं समजतेच. साहेबाशी मी भांडलो असतो. पण तुमी कागदावर लिवलं होतं. मले तं कागद वाचता येत नाई, त्याच्याशी कसा भांडू?”

त्याने फडकं काढलं, नवी दोन्ही बटनं पुसली आणि गाडी घेऊन गेला.

पुढे ती गाडी त्याने भंगारात जाईपर्यंत चालवली. मी त्यानंतर तीस वर्षं वायरिंग केलं, आधी त्याच कंपनीत आणि मग हथखोजला स्वतःच्या दुकानात. दोष सापडला नाही असं कितीतरी गाड्यांच्या बाबतीत झालं. पण नो फॉल्ट मी परत कधी लिहिलं नाही. फॉल्ट नॉट फाउंड असं लिहीत आलो. लिहायला एक शब्द जास्त लागतो, आणि खाली सही करताना ऐट येत नाही.